चष्म्याची वरची कड

बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल या तिन्ही खेळांत चष्मेवाल्याची अडचण एकच, आणि ती शंभर वर्षांत बदललेली नाही. क्यूला हनुवटी टेकवून टेबलावर वाकलं की चेहरा खाली जातो आणि डोळे वर चढतात. मग समोरचा चेंडू काचेच्या मधून दिसतच नाही, तो दिसतो तिच्या वरच्या कडेतून. फ्रेम लहान असली तर ती चेंडूवर आडवी येते. मोठी असली तर काचेची कड चेंडूला जागचं हलवते. चष्मा बनवणारा काचेचा मध्य बाहुलीसमोर आणतो, पण गिऱ्हाईक ताठ उभं आहे असं धरून. मायनस चारच्या काचेत मध्यापासून दीड सेंटिमीटर वरून पाहा, एक मीटरवरची वस्तू सहा सेंटिमीटर सरकलेली दिसेल. पूलचा चेंडू असतो ५७ मिलिमीटरचा. म्हणजे अख्ख्या चेंडूएवढी फसवणूक. ती उभ्या दिशेत असते म्हणून निभावतं. मान जरा कलली की तिचा थोडा भाग आडवा होतो आणि चेंडू पॉकेटच्या ओठाला आपटून परत येतो.

हे गणित मी वर्गात फळ्यावर मांडते, कारण फिजिक्स शिकवणं हा माझा धंदा. मूळची पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे चंदीगडला आले आणि सेक्टर ३२ मध्ये स्थिरावले. पूल बऱ्यापैकी खेळते, निदान पार्लरमधली पोरं तसं म्हणतात. मायनस साडेचारचा चष्मा त्रेचाळिसाव्या वर्षी लेसरने उतरवला आणि काही आठवडे टेबलापासून लांब बसले. माझ्याआधीच्या चष्मेवाल्यांनी या कडेचं काय केलं, हे तेव्हा नीट शोधून काढलं. 

जो डेव्हिसने ती कड टाळलीच. १९२७ ते १९४६ या काळात तो पंधरा वेळा स्नूकरचा जगज्जेता झाला आणि त्या स्पर्धेत कधी हरला नाही. त्याचा उजवा डोळा जवळजवळ निकामी होता. तो क्यू डाव्या डोळ्याखाली धरायचा आणि त्या एकाच डोळ्यावर सगळा कारभार चालवायचा. धाकटा भाऊ फ्रेड याची गोष्ट वेगळी. त्याचे दोन्ही डोळे चालू होते, पण लांबचं धूसर होत चाललं होतं. १९३७ मध्ये जागतिक स्पर्धेत बिल विदर्स या वेल्शमनकडून तो हरला. त्या काळी ती नाचक्कीच. मग त्याने चष्म्याचा कारागीर गाठला आणि त्याला बिजागरीची फ्रेम मिळाली. वाकल्यावर काचा मागे कलवता येत, म्हणजे नजर काचेवर सरळ पडे. हा चष्मा लावून फ्रेड पुढे आठ वेळा जगज्जेता झाला.

दुसरा प्रसिद्ध चष्मा स्नूकरपटू डेनिस टेलरचा. टीव्हीवर पाहून लोक हसायचे, कारण तो उलटा लावल्यासारखा दिसायचा. काचा प्रचंड, भुवयांच्याही वर गेलेल्या. १९८३ मध्ये तो त्याला जॅक कार्नेमने करून दिला. कार्नेम १९६९ चा बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता, पुढे बीबीसीवरचा समालोचक, आणि त्याच्या घरचा धंदा चष्म्याचा. खेळ आणि काच दोन्ही कळणारा माणूस चष्मा बनवायला बसला म्हणून हा चष्मा जमला, असं माझं मत. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्याने टेबलावर वाकून पाहिलेलं नसतं. एप्रिल १९८५ मध्ये शेफील्डला जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टेलर स्टीव्ह डेव्हिसविरुद्ध ०-८ असा मागे पडला आणि मध्यरात्र उलटल्यावर शेवटच्या डावातल्या शेवटच्या काळ्या चेंडूवर १८-१७ ने जिंकला. ब्रिटनमध्ये एक कोटी पंच्याऐंशी लाख लोक तेव्हा टीव्हीसमोर जागे होते.

आपल्याकडे हा खेळ फार जुना. स्नूकरचा जन्मच जबलपूरचा: १८७५ च्या पावसाळ्यात तिथल्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याने काळ्या चेंडूच्या पूलमध्ये आणखी रंगीत चेंडू घातले. पुढे उटीच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लागले. खेळ छावण्यांतून क्लबांत गेला आणि तिथेच अडकून राहिला. पुणे छावणीचं शहर, त्यामुळे टेबलं होती. विल्सन जोन्सचा जन्म पुण्याचा, १९२२ चा. १९५८ मध्ये कोलकात्यात तो बिलियर्ड्सचा हौशी जगज्जेता झाला आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन पुन्हा झाला. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय. त्याच्या मागोमाग मुंबईचा मायकल फरेरा तीनदा. अनेकदा जगज्जेता झालेला पंकज अडवाणी बंगळूरचा म्हणून ओळखला जातो, पण जन्म पुण्याचा, जुलै १९८५ चा. टेलरच्या काळ्या चेंडूनंतर तीनच महिन्यांनी. पुणेकराला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे बाबा एका क्लबाचे मेंबर होते. बिलियर्ड्सच्या खोलीत बायकामुलींना मज्जाव. मी दारात उभी राहून बघायची. बाबांचा नंबर मोठा होता. वाकायच्या आधी ते चष्मा बोटाने कपाळाकडे ढकलायचे, आणि तो घसरू नये म्हणून दोन्ही काड्यांना मागून पायजम्याची नाडी बांधलेली. मार्कर, म्हणजे गुण मांडणारा, त्यांना हसायचा नाही, कारण तोही तेच करायचा. बिजागरीची फ्रेम विलायतेत मिळते हे बाबांना ठाऊक होतं. मागवण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. माणसाने खेळावर किती खर्च करावा याचे त्यांचे हिशेब पक्के होते.

आता लेसरची बाजू. लोकांना वाटतं, चष्मा घालवणारा लेसर कुठल्या तरी नेत्रतज्ज्ञाच्या डोक्यातून निघाला. तसं नाही. डॉक्टरांनी आधी सुरीच चालवली. जपानमध्ये त्सुतोमू सातो यांनी पारपटलाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, आतून छेद देऊन तो चपटा केला. चष्मे गेले, पण आतल्या पेशींचा थर जखमी झाला आणि अनेक रोग्यांची पारपटलं काही वर्षांनी पांढुरकी झाली. मॉस्कोत फ्योदोरोव यांनी १९७० च्या दशकात छेद बाहेरून घेतले, चाकाच्या आऱ्यांसारखे. रोगी फिरत्या पलंगांवर आणि प्रत्येक सर्जनच्या वाट्याला एक काम, असा कारखाना त्यांनी उभारला. बोगोटाचे बॅराकेर त्याच्याही आधीपासून पारपटलाची चकती कापत, ती गोठवत, लेथवर घासत आणि परत बसवत. विचार बरोबर होता. हत्यार मात्र तितकं बारीक नव्हतं.

हत्यार आलं ते भौतिकवाल्यांकडून, आणि त्या साखळीची एक कडी बारामतीची आहे. सी. के. एन. पटेल यांचा जन्म बारामतीत १९३८ चा. १९५८ मध्ये ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडले. अमेरिकेत बेल लॅबमध्ये १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर केला. ताकदवान, स्वस्त, पत्रा कापणारा, कातडी कापणारा. १९८० मध्ये नेत्रतज्ज्ञ घोलाम पेमन यांनी सशांच्या पारपटलावर तो वापरून वक्रता बदलता येते का ते पाहिलं. वक्रता बदलली, पण व्रण राहिले. कारण उघड होतं: त्या लेसरचा प्रकाश अवरक्त, तो पाणी तापवतो, आणि पारपटल बहुतांशी पाणी. उकडलेल्या ऊतकाला पारदर्शक राहता येत नाही.

पुढची कडी मद्रासची. रंगास्वामी श्रीनिवासन हे रसायनशास्त्रज्ञ न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम यांच्याबरोबर एक्सायमर लेसरने प्लॅस्टिक कोरत होते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी घरी उरलेलं टर्कीचं मांस आणलं आणि त्यावर तो लेसर सोडला. खाच स्वच्छ पडली. कडा जळल्या नाहीत, काळ्या पडल्या नाहीत. तरंगलांबी १९३ नॅनोमीटर. एका फोटॉनची ऊर्जा ६.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, रेणूंमधले बंध थेट तोडायला पुरेशी. तापवायची गरजच नाही. ऊतक उडून जातं आणि बरीचशी उष्णता बरोबर घेऊन जातं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचाही मोबाईल खाली ठेवतो, इतकं सुंदर आहे हे.

दोन वर्षांनी, १९८३ मध्ये, कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल श्रीनिवासन यांच्याकडे आले आणि त्यांनी मिळून पारपटलावरचा निबंध लिहिला. टेलरने काळा चेंडू पॉट केला त्याच १९८५ साली बर्लिनमध्ये थिओ झायलर यांनी माणसाच्या डोळ्यावर हा लेसर वापरला. क्रीटमध्ये पालिकारिस यांनी पारपटलाची वरची चकती पुस्तकाच्या पानासारखी उलटून, खाली लेसर मारून, पान परत मिटवायची रीत काढली, तीच लॅसिक. पान कापायला पूर्वी पातं असे. आता तेही काम फेम्टोसेकंद लेसर करतो. त्याच्या मुळाशी असलेल्या १९८५ च्या कामाबद्दल जेरार मूरू आणि डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

कामाचा आकार किती, तेही सांगते. पारपटलाची जाडी साधारण ५४० मायक्रॉन. सहा मिलिमीटर व्यासाच्या भागात एक नंबर उतरवायला सुमारे १२ मायक्रॉन घासावे लागतात. माझे साडेचार म्हणजे चोपन्न. माणसाच्या केसाची जाडीही साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त. एवढं घासायला लेसरला मिनिटसुद्धा लागत नाही. बाबांच्या नाडीपासून इथपर्यंतचा प्रवास पाहिला की मला हसू येतं आणि थोडा रागही येतो. एवढं सगळं झालं, पण टेबलावर वाकणाऱ्या माणसाचा विचार यात कुणीच केला नव्हता. तपासणीचा तक्ता सहा मीटरवर, मान सरळ, खोलीत ठरावीक उजेड. सहा-सहा आलं की डॉक्टर खूश. खेळाडूला काय दिसतं, हे त्या तक्त्यावर छापलेलं नसतं.

सेक्टर ३२ डोळे बरे करायला चांगली जागा आहे आणि वाईटही. हा चंदीगडच्या दुसऱ्या टप्प्यातला सेक्टर, पहिल्या टप्प्यातल्या सेक्टरांपेक्षा दाट वस्तीचा. एस. डी. कॉलेज १९७३ चं, सरकारी मेडिकल कॉलेज १९९१ चं. त्यामुळे रस्त्यावर पोरंच पोरं, पीजीच्या पाट्या आणि औषधांची दुकानं. शहर आखणाऱ्या कॉर्बुझिएच्या एका डोळ्याची दृष्टी तरुणपणीच गेली होती आणि नाकावर जाड गोल चष्मा असे. जो डेव्हिसच्याच पंथातला. त्याने झाडं भरपूर लावायला लावली हे त्याचे उपकार. शस्त्रक्रियेनंतर उन्हाची तिरीप सोसत नाही तेव्हा सावलीतून घरी येता येतं. पण इथली हवा कोरडी. हिवाळ्यात बंद खोलीत हीटर, मे-जूनमध्ये लू, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पराळीचा, म्हणजे शेतात जाळलेल्या भाताच्या काडाचा, धूर. लॅसिक झालेल्या डोळ्याला यातलं काहीच मानवत नाही.

त्याचं कारण असं, की पारपटलाचं ते पान उलटताना त्यातले चेतातंतू कापले जातात. डोळा कोरडा पडलाय ही खबर मेंदूला नीट जात नाही, मग अश्रू कमी येतात. तंतू पुन्हा वाढायला कित्येक महिने जातात. त्यातून आमचा खेळ असा, की नेम धरताना माणूस पापणी लववत नाही. नजर चेंडूवर खिळते, अश्रूंचा थर विरतो आणि नेमक्या फटक्याच्या क्षणी चेंडूची कड धूसर होते. दुसऱ्या दिवशी सहा-सहा दिसत असूनही परत खेळू लागल्यावर कित्येक आठवडे माझे लांबचे पॉट चुकत होते, ते यामुळे. उपाय साधा निघाला. वाकायच्या आधी दोनदा पूर्ण पापण्या मिटायच्या, मग हनुवटी क्यूवर. ही आता सवयच झाली आहे.

दुसरा शत्रू चॉक. क्यूच्या टोकाला लावतात तो निळा ठोकळा म्हणजे शाळेतला खडू नव्हे. १८९७ मध्ये शिकागोत विल्यम स्पिंक्स या बिलियर्ड्सपटूने रसायनज्ञ विल्यम हॉस्किन्सच्या मदतीने त्याचं पेटंट घेतलं. मुख्य घटक सिलिका आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड. दुसरा म्हणजे सँडपेपरवर असतो तो. पोरं टोक घासून वर फुंकर मारतात आणि तेच बोट डोळ्याकडे नेतात. शस्त्रक्रियेनंतर डोळा चोळायला सक्त मनाई असते, झोपेतसुद्धा चोळला जाऊ नये म्हणून रात्री प्लॅस्टिकची ढाल चिकटवून झोपायचं. अशात चॉकचा कण डोळ्यात गेला तर काय होईल याची कल्पना करवत नाही. मी परत खेळायला गेले ती साधी, बिननंबरची काच लावून. पार्लरच्या पोराने विचारलंच, "आंटीजी, चश्मा उतरवाने के लिए ऑपरेशन करवाया, अब ये क्या?"

तिसरी गंमत प्रकाशवलयांची. पार्लरमध्ये खोली अंधारी आणि टेबलावर झगझगीत दिवे. अंधारात बाहुली मोठी होते आणि लेसरने घासलेल्या भागाच्या कडेबाहेरचाही प्रकाश आत घेते. मग चेंडूवर पडलेल्या दिव्याच्या ठिपक्याभोवती कडं दिसतं. नवशिक्याला काही वाटणार नाही, पण चेंडूवरचा तो ठिपका धरून जाडी, म्हणजे चेंडूच्या किती भागाला टक्कर द्यायची ते, मोजणाऱ्याची पंचाईत होते. माझी वलयं विरत गेली. सगळ्यांचीच विरतात असं नाही.

आणि चौथी गोष्ट कुणी सांगत नाही, ती भौतिकवाल्यांनी सांगावी. मायनसची काच जग लहान करून दाखवते. साडेचारच्या चष्म्यातून सगळं साधारण पाच टक्के लहान दिसतं. तो काढला की टेबल मोठं, पॉकेट मोठं, चेंडू मोठे. वाटतं, आता सोपं झालं! तसं होत नाही, कारण वर्षानुवर्षं लहान टेबलावर बसवलेला हाताचा जोर आता मोठ्या दिसणाऱ्या टेबलाला लागू करायचा असतो. माझे फटके आधी जोरात जायचे. मेंदू हे सावकाश दुरुस्त करतो, सरावानेच करतो, आणि त्याला थेंबांचं औषध नाही.

मात्र वरच्या कडेचा प्रश्न कायमचा सुटला. वाकल्यावर डोळे कितीही वर चढोत, पारपटल त्यांच्याबरोबर चढतं. फ्रेड डेव्हिसची बिजागरी आता डोळ्यातच आहे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हे सगळं पुन्हा करीन.

चाळिशीचं मात्र लेसर काही करू शकत नाही. ती डोळ्यातल्या भिंगाची गोष्ट, पारपटलाची नव्हे. उलट, पूर्वी चष्मा काढला की मला बारीक अक्षर वाचता यायचं. ती सोय गेली. मला सुचवलं होतं की एक डोळा लांबचा करू, दुसरा जवळचा ठेवू. पुष्कळांना ते मानवतं. मी नको म्हटलं. क्यू ज्या डोळ्याखाली चालतो तोच नव्हे, दुसराही नेमात मदत करतो; खोलीचा अंदाज दोघांच्या भांडणातूनच येतो. जो डेव्हिसला एका डोळ्यावर जमलं हे खरं, पण तो जो डेव्हिस होता.

तेव्हा तुमच्यात कुणी क्यू धरणारा असेल आणि लेसरचा विचार करत असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा की आपण हा खेळ खेळतो. त्यांच्या टेबलावर वाकून दाखवा, लाजू नका. अंधारात बाहुली किती मोठी होते ते मोजायला सांगा, अश्रूंची तपासणी आधी करून घ्या, आणि एक डोळा लांबचा, एक जवळचा असा बेत असेल तर तो आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून टेबलावर पारखून घ्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत चॉकपासून दूर राहा. आणि चाळिशी उलटली असेल तर वाचायचा चष्मा खिशात असू द्या. स्कोअर लिहायला तो लागतोच.